सांदवाडीतली कोंबडी आणि तिच्या पोटातले जंत



गेल्या वर्षी मृग लागण्याच्या सुमारास याच पानावर आम्ही लिहिले होते की, पावसाळा तोंडावर आला आहे, तरी ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांनी लहान-मोठ्या सर्व पाखरांना जंताचे औषध पाजून घ्यावे, म्हणजे पिल्ले दगावणार नाहीत. औषध पाजावे हे खरे. पण 'म्हणजे पिल्ले दगावणार नाहीत' हे जे आम्ही पुढे जोडले, ते चूक होते. त्या चुकीची किंमत आपल्याच एका सभासदाच्या आईने मोजली. म्हणून हा विषय पुन्हा घेतला आहे आणि या वेळी जरा सविस्तर घेतला आहे.

परतवाड्याहून धामणगाव गढीवरून चिखलदऱ्याकडे जो रस्ता जातो, त्या रस्त्यालगतचे हे घर. चार एकर वावर, थोडा ऊस, थोडी तूर, दीडशेक संत्र्याची झाडे, आणि घरामागच्या सांदवाडीत आजीच्या कोंबड्या. वावराचा हिशेब मुलाकडे, पण कोंबड्या आजीच्या, अंडी आजीची आणि पैसाही आजीचा. आपल्याकडे बहुतेक घरी अशीच रीत आहे. परतवाड्याच्या बाजारात दोन कोंबड्या विकून आलेल्या पैशाला घरचा कर्ता माणूस हात लावीत नाही. नातीच्या वह्या-पुस्तकांचे, माहेरी जायच्या एसटीच्या तिकिटाचे, दवाखान्याच्या वेळी लागणारे पैसे त्यातूनच निघतात. साखरेच्या किंवा संत्र्याच्या भावात कितीही चढउतार झाला तरी हा गल्ला आपला चालू असतो.

त्या वर्षी आजीने वैशाखाच्या अखेरीस तीन खुडूक कोंबड्या बसविल्या होत्या. ज्येष्ठात एकतीस पिल्ले निघाली. पत्रक वाचून मुलाने परतवाड्याहून औषधाची बाटली आणली, पाण्यात कालवून सगळ्यांना पाजली. आषाढात झड लागली आणि आठ दिवसांत तेवीस पिल्ले गेली. मोठ्या कोंबड्यांना काही झाले नाही.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा आजी रागावली नाही. एवढेच म्हणाली, "तुमच्या कागदावर लिवलं होतं म्हून पाजलं जी. कोंबड्या तश्याच हायेत अन् पिल्लं तेवढे गेले. काहून गेले ते सांगा आता."

आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या सकाळी मेलेली दोन पिल्ले पिशवीत घालून आम्ही जनावरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी तिथल्या तिथे कात्री घेऊन पोट उघडले. कोंबडीच्या पोटात बारीक आतडे जिथे संपते, तिथे दोन बाजूंना दोन आंधळ्या पिशव्या असतात, एका टोकाला बंद. निरोगी पिल्लात त्या बारीक व मातकट दिसतात. या पिल्लांत त्या फुगून काळ्यालाल झाल्या होत्या. चिरल्याबरोबर आतून रक्ताच्या गाठी निघाल्या. डॉक्टरांनी विचारले, "पाजलं काय होतं?" बाटलीवरचे नाव सांगितले. ते म्हणाले, "औषध चांगलं आहे, पण ते जंताचं. हा जंत नाहीच."

ही रक्ती हगवण. शास्त्रीय भाषेत कॉक्सिडिओसिस. ती आणणारा जीव आयमेरिया टेनेला या नावाचा. त्याला अळी नाही, शेपूट नाही. एका पेशीचा जीव, डोळ्यांना कधीच दिसायचा नाही. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांवर त्याचा खरा मार असतो. पिल्लू पंख पाडून, पिसे फुगवून कोपऱ्यात बसते, विष्ठेत रक्त दिसते आणि दोन दिवसांत खेळ खलास. मोठ्या कोंबडीला लहानपणीच त्याची सवय झालेली असते. तिला काही होत नाही. पण तिच्या विष्ठेतून त्याचे बीज पडतच राहते. म्हणजे आईच्या पंखाखाली जे पिल्लू निर्धास्त बसलेले असते, त्याला बाधा आईच्याच खुराड्यातून होते. जंताचे औषध या जिवाला काडीचाही अपाय करीत नाही. त्याचे औषध वेगळे. अ‍ॅम्प्रोलियम हे त्यातले नेहमीचे नाव. पहिल्या पिल्लाच्या विष्ठेत रक्त दिसले की त्याच दिवशी, एकट्या आजारी पिल्लाला नव्हे तर त्या घोळक्यातल्या सगळ्यांना, पाण्यातून ते द्यावे लागते. आजारी पिल्लू दाणे टिपत नाही पण पाणी पिते, म्हणून पाण्यातून. किती द्यायचे व किती दिवस, ते डॉक्टर सांगतील. एक गोष्ट मात्र आम्ही सांगून ठेवतो: ते औषध चालू असताना सोबत ताकदीचे म्हणून ब-१ जीवनसत्त्वाचे टॉनिक पाजू नये. हे औषध त्या जिवाला ब-१ मिळू न देऊनच मारते. वरून तुम्ही तेच पाजले, तर औषधावर पाणी पडते.

आजीला हे सगळे आम्ही सांगितले. ती म्हणाली, "मंग जंत नसतेतच का कोंबड्याईले?" असतात की. भरपूर असतात. आणि इथेच आमच्या मागच्या लेखाचा दुसरा अपुरेपणा उघडा पडतो. आम्ही 'जंत' असे एकवचनी लिहिले होते.

सांदवाडीत, उकिरड्यावर, वावरात मोकळ्या हिंडणाऱ्या कोंबडीच्या पोटात जे राहतात, त्यांत सगळ्यांत ठळक म्हणजे गोल जंत, अ‍ॅस्कारिडिया गॅली. पांढरट-पिवळसर, शेवयीएवढा जाड, मादी सात ते बारा सेंटिमीटर लांब. राहतो बारीक आतड्यात. चार-दोन असले तर कोंबडीला कळतही नाही. पण तीसचाळीस झाले की आतड्यातली अर्धी वाट तेच अडवतात, आणि कोंबडी खाते एक व तिच्या अंगी लागते पाव. कोवळ्या पाखरात गुंता होऊन आतडे तुंबते, पाखरू मरते. तीन महिन्यांच्या पुढच्या पाखरात हळूहळू सहन करण्याची ताकद येते. मरत नाही, पण अंडी कमी होतात, तुरा फिका पडतो, छातीचे हाड सुरीच्या धारेसारखे हाताला लागते. आमच्या मते मरणाऱ्या कोंबडीपेक्षा ही न मरणारी कोंबडीच घराला महाग पडते. गावठी कोंबडी वर्षाला पन्नाससाठ अंडी देणार. त्यातली वीस या भाडेकरूंनी खाल्ली तर कुणी हिशेब ठेवीत नाही. 'यंदा कोंबडी अंड्यावर आलीच नाही' किंवा 'कुणाची तरी नजर लागली' एवढ्यावर विषय संपतो.

याच जंताबद्दल एक गोष्ट गृहिणींसाठी. कधी, फार क्वचित, अंडे फोडले तर आत जिवंत जंत सापडतो, आणि मग घरात अंडी खाणेच बंद होते. कोंबडीचे आतडे आणि अंडे येण्याची नळी मागच्या बाजूला एकाच जागी उघडतात. एखादा जंत वाट चुकून वरच्या नळीत शिरतो आणि अंड्याचे कवच तयार होताना आत अडकतो. दिसायला किळसवाणे खरे, ते अंडे फेकून द्या. पण हा जंत माणसाच्या पोटात नांदत नाही, तेव्हा बाकीची अंडी उकडून खुशाल खावीत. मात्र ज्या कोंबडीच्या अंड्यात तो निघाला, तिच्या पोटात गर्दी झालेली आहे असे समजावे.

दुसरे चपटे जंत. फितीसारखे, तुकड्या-तुकड्यांचे, रायलेटिना जातीचे; काही पंचवीस सेंटिमीटरपर्यंत वाढतात. यांचे तुकडे विष्ठेत तांदळाच्या कणीसारखे दिसतात. यांची गंमत अशी की यांचे अंडे कोंबडीने थेट खाल्ले तर तिला काही होत नाही. ते आधी मुंगीने, शेणकिड्याने किंवा माशीने खावे लागते, तिच्या पोटात दोनतीन आठवडे मुरावे लागते, आणि मग ती मुंगी किंवा तो किडा कोंबडीने टिपावा लागतो. म्हणजे मोकळी कोंबडी ज्या कामासाठी आपण मोकळी सोडतो, किडे-मुंग्या वेचण्यासाठी, त्याच वाटेने हे जंत आत येतात. कोंबडीला मुंगी खाऊ नको असे कोण सांगणार? त्यातल्या एका जातीने आतड्याला बाहेरून गाठी येतात, त्या क्षयाच्या गाठींसारख्या दिसतात आणि लोक घाबरून कळपच्या कळप विकून टाकतात.

केसासारखे बारीक जंत असतात, ते आतड्याच्या आवरणात शिवल्यासारखे अडकतात व कोंबडीला फार खंगवतात. गांडुळाच्या वाटेनेही येतात. आंधळ्या पिशव्यांत राहणारा एक सेंटिमीटरभर लांबीचा जंत, हेटेराकिस, तो कोंबडीला स्वतः फारसा छळत नाही. पण हौसेने कोंबड्यांच्या जोडीला टर्की पाळणाऱ्यांनी त्याला ओळखून असावे. टर्कीच्या काळीज सडवणाऱ्या रोगाचा जंतू थिओबाल्ड स्मिथ यांनी अमेरिकेत १८९५ साली दाखविला, आणि १९२० साली त्यांनी व ग्रेबिल यांनी सिद्ध केले की तो रोग या क्षुल्लक दिसणाऱ्या जंताच्या अंड्यात बसून एका पाखराकडून दुसऱ्याकडे जातो. कोंबडी धडधाकट, शेजारची टर्की आडवी. ज्यांच्याकडे टर्की नाही त्यांनी हा परिच्छेद विसरावा.

आता मुख्य मुद्दा. तो दवाखान्यात डॉक्टरांनी बोलता बोलता सांगितला आणि आम्हाला तोवर कुणी सांगितलेला नव्हता. गोल जंताचे अंडे विष्ठेबरोबर बाहेर पडते, तेव्हा ते निरुपद्रवी असते. त्या क्षणी दुसऱ्या कोंबडीने ते खाल्ले तरी काही होत नाही. उबेत आणि ओलीत दहाबारा दिवस पडून राहिले की मग आतली अळी तयार होते, आणि तेव्हापासून ते बाधते. रक्ती हगवणीचे बीज त्याहून घाईचे. पावसाळी उबेत त्याला एकदोन दिवस पुरतात. चपट्या जंताला तर मधे किडा लागतोच. म्हणजे ताजी विष्ठा कोंबडीला बाधत नाही, बाधते ती शिळी. आणि कोंबडी चोवीस तासांतली अर्धी विष्ठा कुठे टाकते? रात्री, जिथे बसते तिथे. दिवसभर ती अर्ध्या गावात हिंडते, पाच-पन्नास ठिकाणी शिंतोडे उडवते, ते उन्हाने वाळून जातात. पण खुराड्यात आठ-दहा कोंबड्यांची रात्रभराची विष्ठा हातभर जागेत साठते, ओली राहते, सावलीत राहते, आणि सकाळी पिल्ले तिथेच पायाने उकरून दाणे शोधतात.

आजीचे खुराडे आम्ही मग नीट पाहिले. गोठ्याच्या भिंतीला टेकून मातीचे, वर पत्रा, आत खाली जमिनीवर बोटभर थर. शेवटचे कधी काढले होते? "दिवाळीले सारवतो नं," आजी म्हणाली. वर्षातून एकदा. आजीला नावे ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. आमच्या स्वतःच्या घरचे खुराडे त्याहून बरे नव्हते.

तेव्हा पहिले औषध खराटा. रोज सकाळी कोंबड्या सोडल्या की खुराडे खरवडून विष्ठा बाहेर काढायची आणि खड्ड्यात टाकून वर माती किंवा कुटार लोटायचे. उकिरड्यावर उघडी टाकाल तर कोंबड्या दिवसभर तेच उकरतील आणि माश्या-शेणकिडे वर बसतील. सगळा उपद्व्याप पुन्हा पहिल्यापासून. खड्ड्यात नीट रचली तर आतल्या उष्णतेने अंडी मरतात व खत मिळते ते वेगळे. आठवड्याने काढू म्हणून चालत नाही, हे वरच्या हिशेबावरून ध्यानात येईलच. रोज जमत नसेल त्यांनी खुराड्यात वीतभर उंचीवर बांबूच्या पट्ट्यांचा माचा करावा, म्हणजे विष्ठा फटीतून खाली पडते आणि पाखराचे पाय तिला लागत नाहीत. खाली ऊन येईल असे ठेवले तर उत्तमच.

फिनाईल शिंपडून समाधान मानू नये. या अंड्यांचे आणि बीजांचे कवच फार चिवट असते. माणसाला वास येतो, त्यांना काही होत नाही. त्यांचे खरे शत्रू दोन: कोरडेपणा आणि उष्णता. उकळते पाणी चालते. आणि आपल्या वऱ्हाडात तर निसर्गाने दोन्ही गोष्टी फुकट दिल्या आहेत. वैशाखात चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांचे ऊन पडते, तेव्हा खुराड्याची वीतभर माती उकरून बाहेर पसरली व आठ दिवस तापू दिली, तर वर्षाची घाण एका हप्त्यात साफ होते. मृगाच्या आधी हे काम करून नवी कोरडी माती भरावी. आम्ही मागच्या वर्षी औषधाची बाटली सांगण्याऐवजी हे सांगितले असते तर बरे झाले असते.

संत्र्याच्या बागवाल्यांना एक सूचना. बागेत कोंबड्या सोडणे चांगलेच, किडी वेचतात. पण भर उन्हाळ्यातही झाडाखालचे आळे ओले आणि सावलीचे असते, तिथे जंतांची अंडी मजेत राहतात, महिनोन्‌महिने. वैशाखाच्या उन्हाचा भरवसा तिथे धरता येत नाही. मृग बहारासाठी ताण दिलेल्या बागेत मात्र जंतांनाही ताण बसतो! एरवी पिल्ले घेऊन हिंडणारी कोंबडी दीड-दोन महिने तरी ओलिताच्या बागेपासून लांब ठेवावी. डालग्याखाली, कोरड्या जागी, रोज जागा बदलून. डालगे रोज दोन हात सरकवणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. पिल्लांच्या खाली पाचटाची बारीक कुट्टी, कुटार, कारखान्यातला वाळलेला बगॅस, जे असेल ते घाला, पण ते ओले झाले की त्याच दिवशी बदला. ओला बगॅस हा रक्ती हगवणीचा पाळणा समजा. पाण्याचे भांडे असे ठेवा की पिल्लू त्यात पाय घालणार नाही.

आता तुमच्या कोंबड्यांना नेमके काय झाले आहे, हे कळावे कसे? यासाठी एक प्रयोगशाळा प्रत्येक घरात आहे. रविवारी, सणावारी, पाहुणा आला की कोंबडी कापली जाते. हिवाळ्यात बहिरमच्या जत्रेत तर हंड्या चढतातच, तिथे घरची कोंबडी नेणारेही आहेत. त्या वेळी आतडे उकिरड्यावर फेकण्याआधी दोन मिनिटे खर्च करावीत. जुन्या कात्रीने आतडे लांबीने चिरावे आणि पसरट ताटलीत पाणी घेऊन त्यात हलवावे. शेवया तरंगल्या तर गोल जंत. फिती दिसल्या तर चपटे. शेवटच्या दोन पिशव्या वेगळ्या चिराव्यात. बारीक पांढरे दोऱ्याचे तुकडे हलताना दिसले तर हेटेराकिस. एका कोंबडीवरून सगळ्या कळपाचा अंदाज येतो. नंतर ते आतडे जाळावे किंवा खोल पुरावे. दुसऱ्या कोंबड्यांपुढे टाकू नये, कुत्र्यालाही घालू नये. पोरांना ही गोष्ट दाखवा. शाळेत वर्षभर न कळणारे शास्त्र त्यांना एका ताटलीत कळते. हात मात्र साबणाने धुवायला लावा.

कोंबडी कापायची नसेल तर विष्ठा तपासून घ्यावी. आणि इथे आपल्या सभासदांना अभिमान वाटेल अशी गोष्ट आहे. जंताचे अंडे मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही लहान. विष्ठेच्या चिखलात ते सूक्ष्मदर्शकाखालीही शोधून सापडत नाही. साध्या पाण्यात ते तळाला बसते. पण पाण्यापेक्षा जड द्रवात विष्ठा कालवली, तर घाण खाली बसते आणि अंडी वर तरंगतात. वरचा थेंब काचेवर घेऊन पाहायचा. यासाठी मिठाचे दाट पाणी वापरतात, आणि साखरेचा पाकही. इंग्लंडमधील पशुवैद्यक शीदर यांनी १९२३ साली ही साखरेची रीत रक्ती हगवणीच्या जातीचे सूक्ष्म जीव शोधण्यासाठीच सांगितली, आणि जगभरच्या प्रयोगशाळांत ती आजही चालू आहे. साडेचारशे ग्रॅम साखर, साडेतीनशे मिलिलिटर पाणी, असे तिचे साधारण प्रमाण. म्हणजे झाला छप्पन्न ब्रिक्स. साखर कारखान्यात रस आटवून पॅनकडे जाणारा सिरप साठ ब्रिक्सच्या आसपास असतो, हे आपले केमिस्ट सांगतील. थोडक्यात, ज्या दाट रसातून साखरेचा दाणा बांधतात, जवळपास तेवढ्याच दाट पाकात कोंबडीचा जंत पकडतात.

आता औषधाकडे वळू; ते नको असे आमचे म्हणणे मुळीच नाही. बाजारात जंताचे जे सगळ्यांत जुने व स्वस्त औषध मिळते, ते पिपराझिन. ते गोल जंतावर चांगले चालते, चपट्यावर चालत नाही, केसासारख्यांवर भरवसा नाही. फेनबेंडाझोल, अल्बेंडाझोल, लेव्हामिसोल यांचा पल्ला मोठा आहे. चपट्या जंतासाठी आणखी वेगळी औषधे असतात. म्हणून ताटलीत काय दिसले ते आधी डॉक्टरांना सांगावे, मग बाटली घ्यावी. बकरीची उरलेली बाटली अंदाजाने कोंबडीला पाजणारे पुष्कळ आहेत. कमी पडले तर जंत मरत नाहीत आणि निर्ढावतात, जास्त झाले तर कोंबडी जाते. प्रमाण पाखराच्या वजनावर असते, म्हणून एकदोन कोंबड्या तराजूत घालून वजन सांगावे. 'मोठी हाय जी' हे वजन नव्हे. औषध सकाळी, रात्रभर पाणी न ठेवता, दोनचार तासांत संपेल एवढ्याच पाण्यात द्यावे. आणि तीन आठवड्यांनी पुन्हा. कारण पहिल्या खेपेस आतड्याच्या आवरणात दडलेल्या कोवळ्या अळ्या सुटून जातात, त्या पुढे मोठ्या होतात. बहुतेक लोक दुसरी खेप देत नाहीत आणि मग औषधाला शिव्या देतात. औषधानंतर किती दिवस अंडी खाऊ नयेत हे प्रत्येक औषधाचे वेगळे. दुकानातून निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. मानमोडीची लस टोचायची असेल तर त्याआधी आठवडाभर जंत काढून घ्यावेत, लस चांगली लागू पडते.

पळसपापडीचा प्रश्न आम्हाला दरवेळी विचारतात. मेळघाटच्या पायथ्याशी राहणाऱ्याला पळस काय कमी! पळसाच्या बियांत जंत मारणारा पालासोनिन नावाचा घटक आहे, आपल्या वाडवडिलांनी ते उगाच शोधले नव्हते. पण तो घटक प्रमाणाबाहेर गेला तर विषच आहे, आणि कोणत्या बीत तो किती हे हाताने कळत नाही. वासराला चिमूटभर देणे वेगळे आणि पाऊण किलोच्या कोंबडीला देणे वेगळे. आम्ही तरी ती कोंबडीला देण्याचा सल्ला देणार नाही. लसूण, कडुनिंब यांनी कोंबडीचे वाईट होत नाही, पण पोटात गुंता झालेला असताना त्यावर विसंबणे म्हणजे दिवस घालवणे.

औषधाहून खाण्याकडे लक्ष दिले तर अधिक फळ येते. अ जीवनसत्त्व आणि प्रथिने कमी पडलेल्या पाखरात गोल जंत जास्त माजतात. नुसत्या ज्वारीच्या चुरीवर वाढलेले पिल्लू पोटात जंत घेऊन उभे राहू शकत नाही. शेवग्याचा पाला, घोळ, लसूणघास, पिवळा मका, सोयाबीनची किंवा शेंगदाण्याची थोडी ढेप, एवढे मिळाले तरी फरक दिसतो.

गळिताच्या दिवसांत आणखी एक वाट उघडते. तोडणीला टोळ्या येतात, त्यांच्या बिऱ्हाडाबरोबर डालग्यात कोंबड्या येतात, आणि जाताना त्यातल्या काही आपल्या गावात विकल्या जातात. त्या बायांच्या कोंबड्या वाईट असतात असे नव्हे. उलट जागोजागच्या जमिनी तुडवून आलेली पाखरे चिवट असतात. पण ज्या कोंबडीला काही होत नाही तीच बीज घेऊन येते, हे वर आलेच आहे. बाजारातून आणलेली असो की तोडणीवाल्यांकडून, की वनराज-गिरिराजची नवी पिल्ले असोत, पंधरा दिवस वेगळी ठेवावी, तपासावी, मगच घरच्या कळपात सोडावी.

आजीकडे आम्ही या महिन्यात पुन्हा गेलो होतो. वैशाखात नातवाने खुराड्याची माती काढून अंगणात पसरली होती, ती आता वाफ्यात गेली आहे. खुराड्यात बांबूचा माचा झाला आहे. दोन कोंबड्या बावीस अंड्यांवर बसल्या, एकोणीस पिल्ले निघाली, आणि झड सुरू होऊन बारा दिवस झाले तेव्हा सतरा होती. एक घारीने नेले, एक दाराखाली चेंगरले. आम्ही विचारले, रक्त दिसले का कुठे? आजी म्हणाली, "एका पिल्लाचं दिसलं होतं जी. तवाच औषध आनलं डाक्टरकडून, साऱ्याईले पाजलं. तुमचा कागद येयाची वाट नाई पाह्यली."

दवाखान्यात विष्ठेचा नमुना नेणाऱ्यांनी तो सकाळचा, ताजा न्यावा. पाचसहा कोंबड्यांचा थोडा थोडा मिळून चमचाभर पुरतो. झाकणाच्या डबीत, उन्हात न ठेवता, त्याच दिवशी. मेलेले पाखरू न्यायचे असेल तर मेल्यापासून दोनतीन तासांत न्यावे. पावसाळ्यात संध्याकाळपर्यंत आतडे कुजून जाते आणि मग डॉक्टरांनाही काही सांगता येत नाही.